फिन कुठे बसवायचं: सात फूट दोन इंची सर्फबोर्डाच्या नोंदी

१२ फेब्रुवारी, सातपूर, नाशिक

बोर्ड आला. धाकट्या भावाने मंगळूरहून निघताना तिथल्याच कुणाकडून जुना विकत घेतला आणि ट्रान्सपोर्टने थेट आमच्या पॅटर्न शॉपच्या, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने करणाऱ्या शेडच्या, पत्त्यावर पाठवला. सात फूट दोन इंच लांब, साडेएकवीस इंच रुंद, आतला फोम ईपीएसचा, म्हणजे थर्माकोलच्याच जातीचा, वरून इपॉक्सी आणि ग्लास कापड. मधोमध लाकडाची बारीक पट्टी, स्ट्रिंगर. शेपटाकडे मधली लांब खाच शाबूत आहे. तिच्या दोन्ही बाजूंची छोटी फिनं, म्हणजे बोर्डाखालचे उभे पंख, मात्र बुंध्यासकट उखडलेली आहेत आणि ती भोकं कुणीतरी घाईघाईने बुजवलेली आहेत.

मिस्त्रीकाकांनी बोर्ड उलटा करून पाहिला. "ताई, हे कास्टिंगचं काम नाही ना? मग पॅटर्न कशाचा?" मी म्हटलं, फिनांचा. समुद्र इथून चार तासांवर, त्यामुळे असली वस्तू आमच्या शेडमध्ये आजवर आलेली नाही. पण काम ओळखीचं आहे. एक संदर्भरेषा धरायची, तिच्यावरून सगळी मापं घ्यायची आणि डावं-उजवं तंतोतंत जुळवायचं. पंपाच्या इम्पेलरचा पॅटर्न करताना मी वर्षभर हेच करते.

मंगळूरजवळच्या मुल्कीत धाकट्याने मला लाटेवर उभं राहायला शिकवलं त्याला आता तीन हिवाळे झाले. तिथला बोर्ड भाड्याचा, फिनं ज्याने त्याने लावलेली. ती तिथेच का, याचा मी कधी विचारच केला नव्हता. आता करायचा आहे.

१५ फेब्रुवारी

बुजवलेल्या भोकांवर रुपयाच्या नाण्याने टकटक करत गेले. चांगल्या जागी आवाज भरीव येतो, इथे मात्र खोक्यावर वाजवल्यासारखा पोकळ. कटरने वरचा थर उघडला तर आत मूठ जाईल एवढी पोकळी. डागडुजी करणाऱ्याने पॉलिस्टर रेझिन ओतलं होतं. पॉलिस्टरमधल्या स्टायरीनने ईपीएस विरघळतं. वरून गुळगुळीत दिसतं आणि खाली फोम उरतच नाही. या फोमला इपॉक्सीच लागतं. हे माहीत असणाऱ्याकडून हे काम झालेलं नाही, आणि त्याचे पैसे आधीच्या मालकाने मोजले असणार, याचं मला वाईट वाटलं.

पोकळीत पाणीही होतं. ईपीएसच्या मण्यांमधल्या फटींतून पाणी मुरत जातं. बोर्ड काट्यावर ठेवला, ५.१ किलो. उन्हात ठेवायचा नाही, आतली हवा फुगून कापड सुटतं. शेपूट खाली करून सावलीत पंख्यासमोर उभा केला.

२६ फेब्रुवारी

४.६ किलो. गेले चार दिवस काटा हललेला नाही, म्हणजे सुकला. ईपीएसचे तुकडे कापून पोकळीत बसवले, बारीक फटींत इपॉक्सीत मायक्रोबलून, म्हणजे हलकी पोकळ भुकटी, कालवून भरले, वर दोन थर कापड. आता बोर्डाचं पोट सपाट आहे आणि बाजूची फिनं कुठे बसवायची हे ठरवायला मी मोकळी आहे. जुन्या जागेचं बंधन नाही.

संध्याकाळी मोठे काका आले. ओझरच्या एचएएलमध्ये विमानाच्या सांगाड्यावर त्यांनी उभी हयात फिटर म्हणून काढली. बोर्डाकडे बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "मिगच्या पोटाखाली मागे एक उभा पंख असतो, पाहिलायस का?" मी म्हटलं, फोटोत पाहिलाय. "तो वरच्या शेपटाला मदत करतो. विमानाचं नाक वाऱ्यावर इकडेतिकडे जायला लागलं की मागून धरून ठेवतो. तुझं फिन तेच करणार."

तेच करतं, आणि आणखी एक काम करतं. फिन नसलेला बोर्ड लाटेच्या उतारावर आडवा घसरत जातो. पाणी फिनावर थोडं तिरकं आलं की फिन पंखासारखं एका बाजूला ओढ देतं, आणि त्या ओढीला टेकून माणूस वळतो. हवाईतले जुने बोर्ड बिनफिनांचे होते, वळायचं तर पाय पाण्यात घालून ओढत न्यायचा. १९३५ मध्ये अमेरिकन सर्फर टॉम ब्लेक यांनी एका स्पीडबोटीच्या तळाची उभी पट्टी, कील, काढून आपल्या बोर्डाखाली लावली. एवढ्या जुन्या खेळात ही गोष्ट इतक्या उशिरा सुचली, याचं काकांना फार नवल वाटलं. मलाही.

५ मार्च

एक, दोन, तीन की चार?

एकच मोठं फिन मधल्या खाचेत लावून मोकळं होता येईल. ठोकताळा असा की बोर्ड जेवढे फूट तेवढ्या इंचांचं फिन, म्हणजे आपल्याला सात इंची. सरळ रेषेत छान चालतं, वळणं लांब आणि सावकाश.

दोन फिनं, दोन्ही कडांजवळ. मार्क रिचर्ड्स यांनी दोन फिनांच्या बोर्डावर १९७९ ते १९८२ सलग चार जागतिक विजेतेपदं घेतली. चपळ प्रकार. पण मध्ये काहीच नसल्यामुळे जोर लावला की शेपूट निसटतं. ही तक्रार ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसन यांचीही होती. अंगाने धिप्पाड माणूस. १९८० मध्ये त्यांनी सारख्या आकाराची तीन फिनं लावून पाहिली, दोन पुढे कडांना आणि एक मागे मध्यावर. पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, बेल्स बीचची स्पर्धा त्या बोर्डावर जिंकली. तेव्हापासून छोट्या बोर्डांत तीन फिनं हाच सर्वांत रुळलेला प्रकार आहे. चार फिनांत मध्यावरचं काढून मागे दोन लावतात, वेग चांगला मिळतो. पण आमच्या बोर्डाला मधली खाच आयती आहे, ती रिकामी ठेवायला माझा हात धजत नाही.

ठरलं ते असं. मध्ये सहा इंची आणि कडांना दोन छोटी. मधलं खाचेत पुढेमागे सरकतं, साधारण तीन इंच मोकळीक आहे. कडांची मी कायमची चिकटवणार, ग्लास कापडाने. धाकटा म्हणाला, "ताई, काढता येतील अशी लाव ना." त्यासाठी फिन अडकवायचे बॉक्स बसवायला बोर्ड पुन्हा कोरावा लागेल आणि याच जागेला आधीच दोनदा भोकं पडलेली आहेत. कायमची चिकटवायची, म्हणजे जागा चुकली की चुकलीच. म्हणून आधी नुसत्या मधल्या फिनावर समुद्रात जायचं, बोर्ड कसा वागतो ते बघायचं आणि मगच कडांची जागा आखायची.

१२ मार्च

रंगपंचमी. जुन्या नाशकात रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे हौद, उघडल्या, कामावर कुणी नाही. शेड बंद.

१५ मार्च

सहा मिलिमीटरचा मरीन प्लाय, पाच थरांचा. कडांच्या फिनांसाठी बुंधा १०५ मिलिमीटर, उंची ९५. आकार मागे झुकलेला, टोक बुंध्याच्या मागच्या कोपऱ्याच्या किंचित पलीकडे जाईल इतका. झुकाव जास्त तर वळण लांब पल्ल्याचं, फिन जितकं उभं तितकं वळण आखूड. सर्फर जॉर्ज ग्रीनो यांनी साठच्या दशकात माशांच्या शेपटांकडे पाहून अरुंद टोकाची, लवणारी फिनं केली. तेव्हापासून टोक बारीक आणि बुंधा भक्कम हेच चालत आलं आहे. मोठ्या रुंद टोकाने नुसता भार पडतो.

आता पंखाचा छेद. कडांच्या फिनांची आतली बाजू सपाट, बाहेरची फुगीर. मधल्याच्या दोन्ही बाजू सारख्या फुगीर. सर्वांत जाड जागा पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण एक तृतीयांशावर, तिथून मागे लांब उतार. पुढची कड गोल, मागची जेमतेम एक मिलिमीटर.

प्लायवर हे काम करताना एक सोय आहे. रंधा आणि पॉलिश पेपर चालवत गेलं की एकेक थर उघडा पडतो. एक थर उभ्या रेषांचा, दुसरा आडव्या, एक फिकट, एक तांबूस. त्यांच्या सीमांच्या रेषा फिनाच्या अंगावर नकाशातल्या डोंगराच्या उंचीरेषांसारख्या उमटतात. रेषा वाहत्या, एकमेकींना समांतर असल्या की उतार बरोबर. कुठे रेषेला पोक आलं की तिथे खळगा पडलाय किंवा टेकाड राहिलंय. व्हर्नियर लावायची गरजच पडत नाही. मिस्त्रीकाकांनी चष्मा कपाळावर चढवून एकच रेष नखाने दाखवली. टोकापासून दोन बोटांवर तिचा इवलासा बाक आत गेला होता. बोटाला काही जाणवत नव्हतं. रेषेला जाणवलं होतं. तीन हात कागद फिरवला आणि बाक गेला.

१७ मार्च

दोन्ही फिनं शेजारी ठेवली आणि पोटात गोळा आला. दोन्ही डावी.

एकच फर्मा, एकाच बाजूने आखला आणि दोन्हींची एकच बाजू फुगीर केली. वर्षानुवर्षं डाव्या-उजव्या कोअर बॉक्सचं, म्हणजे ओतकामातल्या पोकळीच्या साच्यांचं, काम करणाऱ्या माणसाकडून हे झालं. उजव्या कडेला हे लावलं तर सपाट बाजू बाहेर येईल, ओढ उलट्या दिशेने लागेल आणि बोर्ड सतत एका अंगाला जाईल. मिस्त्रीकाका काही बोलले नाहीत. प्लायचा नवा तुकडा शोधून माझ्या टेबलावर आणून ठेवला, बस्स.

२२ मार्च, गुढीपाडवा

सकाळी हत्यारांची पूजा झाली आणि पाडव्याचं काम म्हणून उजवं फिन कापलं. फर्मा पालथा करून आखला. कापण्याआधी लाकडावर पेन्सिलीने लिहिलं: उजवं, बाहेर.

९ एप्रिल

मधलं सहा इंची फिनही झालं, नऊ मिलिमीटर प्लायचं. तिन्हींवर दोन्ही बाजूंनी दोन-दोन थर ग्लास कापड आणि इपॉक्सी.

शेडमागच्या पाण्याच्या टाकीत एकेक फिन हातात धरून ओढून पाहिलं. हा प्रयोग फिन करणाऱ्या प्रत्येकाने करावा. फिन पाण्याच्या दिशेत सरळ धरलं की हाताला जवळजवळ काहीच लागत नाही. दोन-तीन अंश वळवलं की ते हाताला एका बाजूला खेचायला लागतं, जिवंत असल्यासारखं. आणखी वळवलं की खेच वाढते, आणि मग एका क्षणी एकदम मरते आणि मागे नुसता फेस उरतो. काकांनी बाही वर करून स्वतः करून पाहिलं. "हा स्टॉल," म्हणाले. लाटेवर शेपूट निसटतं ते याच क्षणाला. कोन एवढा वाढला की पाणी फिनाला धरून राहत नाही.

मधल्या फिनातून जोरात ओढताना गुणगुण ऐकू आली, बारीक, भुंग्यासारखी. मागची कड एका जागी अडीच मिलिमीटर राहिली होती. जाड, चौकोनी कडेवरून पाणी सुटताना एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने भोवरे सोडतं आणि फिन थरथरतं. मागची कड एका बाजूने किंचित तिरकी घासून बारीक केली. गुणगुण थांबली. धारदार मात्र केली नाही. पाण्यात पडल्यावर बोर्ड कुणाच्या अंगावर येईल हे सांगता येत नाही.

७ मे, विरारजवळचं राजोडी

पहाटे तीनला निघालो. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर आणि मग महामार्गाने विरार. जव्हारच्या घाटात बोर्ड टपावर एकदा वाजला, थांबून पट्टे आवळले. राजोडीला पोचलो तेव्हा ओहोटी संपून पाणी चढायला लागलं होतं. परवाच पौर्णिमा झाली, भरती दुपारी एकच्या पुढे. लाटा कमरेएवढ्या, सकाळी वारा पडलेला. शिकणाऱ्यासाठी याहून काय हवं.

आज फक्त मधलं फिन, धाकट्याचं जुनं सात इंची.

आधी खाचेत अगदी मागे. बोर्ड रुळावर ठेवल्यासारखा. लाट पकडली, उभी राहिले, सरळ किनाऱ्याकडे. वळायला गेले तर सगळं अंग टाकावं लागतं, आणि तोवर लाट संपते. पाच लाटा अशाच गेल्या.

मग वाळूवर बसून स्क्रू सैल केला आणि फिन दोन इंच पुढे घेतलं. वेगळाच बोर्ड. नुसती नजर वळवली तरी नाक वळायला लागलं. तिसऱ्या लाटेला मात्र मी जरा जास्त दाबलं आणि शेपूट एकदम बाजूला गेलं. टाकीत हाताखाली खेच मेली होती, अगदी तशी मागच्या पायाखाली मेली. पाण्याखाली असतानाच मला ती ओळखू आली, आणि वर येईपर्यंत मी खूश होते. मधलं फिन जिथे छान वळतं तिथे ते एकट्याने पुरत नाही. कडांची फिनं तिथे हवीत. वळताना आतली कड पाण्यात बुडते तेव्हा त्या कडेचं फिन खोल जातं आणि धरून ठेवतं. हे वाचून ठाऊक होतं, पण वाचलेलं पायाला ठाऊक नव्हतं.

धाकट्याने फिन परत मागे घेऊन तासभर काढला. त्याला तसंच आवडतं म्हणे.

९ मे

धाकटा उतरल्यावर बोर्ड धुतला नव्हता, तसाच कापडात गुंडाळून आणला होता. आज मेण वाचलं.

बोर्डावर पाय घसरू नये म्हणून मेणाचे खडे घासतात, त्याचे मोहरीएवढे दाणे उभे राहतात. जिथे पाय पुन्हा पुन्हा पडतो तिथले दाणे चपटे होतात आणि काळपट चकचकीत ठसा उमटतो. ट्यूबलाइट आडवी धरून पाहिलं तर दोन वेगळे ठसे होते. एक लहान, आडवा, टाच थोडी मागे: माझा उजवा पाय. त्याचा मध्य शेपटाच्या टोकापासून ३८ सेंटिमीटरवर. दुसरा मोठा, पुसट कडांचा, २९ सेंटिमीटरवर. तो धाकट्याचा. मी ५८ किलो, तो ७४.

मी आधी कडांच्या फिनांची मागची टोकं शेपटापासून ११ इंचांवर, म्हणजे २८ सेंटिमीटरवर, धरली होती. सहा फुटी छोट्या बोर्डाला चालणारा तो आकडा. तिथून बुंधा १०५ मिलिमीटर पुढे येतो, म्हणजे पुढचं टोक साडेअडतीसवर. माझ्या पायाचा मध्य अगदी त्या टोकावर येणार आणि अर्धा पाय फिनाच्या पुढे पडणार. पाय ज्या जागी दाब देतो तिथे खाली फिन नको का? हे माप सहा फुटी बोर्डावर उभ्या राहणाऱ्या कुणाच्या तरी पायाचं आहे. ते मी माझ्या बोर्डावर लावायला निघाले होते.

काकांना फोन केला. ते म्हणाले, "आधी वजन कुठे पडतं ते बघायचं, शेपूट नंतर. विमानातही तेच."

मागचं टोक ३१ सेंटिमीटर. म्हणजे फिन ३१ ते साडेएक्केचाळीस आणि पाय बरोबर त्यावर. धाकटा कुरकुरला, "ताई, मग माझा पाय फिनांच्या मागे पडणार." मी म्हटलं, तुझ्यासाठी मधलं मागे सरकवता येईल, तेवढी मोकळीक आहे. कडांची जागा एकच असू शकते.

११ मे

आखणी. दिवसभर हेच केलं, आणि दिवसभर करण्यासारखंच काम आहे.

नेहमी सांगतात की फिन कडेपासून सव्वा ते दीड इंच आत बसवा. शेपटापासून ३१ सेंटिमीटरवर स्ट्रिंगरपासून दोन्ही कडा मोजल्या. डावीकडे १९३ मिलिमीटर, उजवीकडे १८७. हाताने घासलेला बोर्ड, एक बाजू सहा मिलिमीटरने कमी. कडेपासून मापं घेतली असती तर दोन्ही फिनं मध्यापासून वेगवेगळ्या अंतरावर बसली असती आणि ते कधीच कळलं नसतं. बोर्ड डावीकडे का जातो म्हणून मी स्वतःच्या पायांना दोष देत बसले असते. कड ही संदर्भरेषा होऊ शकत नाही. स्ट्रिंगरही सरळ आहे का, हे नाकापासून शेपटापर्यंत दोरा ताणून तपासलं. मध्ये दोन मिलिमीटरचा बाक, मागच्या भागात सरळ. दोराच धरला.

मागची टोकं दोऱ्यापासून १५५ मिलिमीटर, दोन्हीकडे. म्हणजे कडेपासून डावीकडे ३८, उजवीकडे ३२. दीड इंच आणि सव्वा इंच, दोन्ही चालण्यातली.

पुढची टोकं दोऱ्याकडे थोडी झुकलेली हवीत. याला टो-इन म्हणतात. बोर्ड सरळ चाललेला असतानाही कडांच्या फिनांवर पाणी किंचित तिरकं यावं आणि ती आधीच कामाला लागलेली असावीत, म्हणजे वळण चटकन सुरू होतं. छोट्या, तापट बोर्डांना सहा मिलिमीटरपर्यंत देतात. जास्त दिलं की फिनं ब्रेकसारखी वागतात. आमचा बोर्ड लांब, लाटा छोट्या, वेग जपायला हवा. चार मिलिमीटर दिले. १०५ च्या बुंध्यावर चार म्हणजे दोन अंशांच्या थोडं वर. पुढची टोकं दोऱ्यापासून १५१.

मग सुताराची जुनी परीक्षा: कर्ण. नाकाच्या टोकाला खिळ्याऐवजी चिकटपट्टीने दुसरा दोरा बांधला आणि चारही खुणांपर्यंत ताणून पाहिला. डावं आणि उजवं मागचं टोक सारखं. पुढच्या टोकांत दीड मिलिमीटरचा फरक निघाला. उजवी खूण पुसून पुन्हा आखली. चौकट गुण्यात आहे का हे मिस्त्रीकाका असंच बघतात. त्यांनी दोऱ्याचं दुसरं टोक धरलं होतं आणि श्वाससुद्धा रोखून धरला होता.

१३ मे

पारा चाळिशीला टेकलाय. या हवेत इपॉक्सी भांड्यात ठेवलं की स्वतःच्याच उष्णतेने तापतं आणि बघता बघता दगड होतं. सकाळी सहाला कामाला लागलो, एका वेळी साठ ग्रॅमच कालवलं आणि पसरट ट्रेमध्ये ओतलं.

कडांची फिनं अगदी उभी नकोत, बाहेरच्या अंगाला थोडी कललेली हवीत. पाच अंश. लाकडाच्या पाचरी पाच अंशांना कापून फिनाच्या आतल्या बाजूला टेकवल्या. ९५ मिलिमीटर उंचीला पाच अंश म्हणजे टोक बुंध्यापेक्षा आठ मिलिमीटर बाहेर. तेवढं गुण्या लावून मोजता येतं. मधलं मात्र काटकोनात.

आधी चार थेंबांवर फिन उभं केलं आणि सुकू दिलं. मग बुंध्याभोवती ग्लास धाग्यांची वळलेली दोरी रेझिनमध्ये भिजवून दोन्ही बाजूंना दाबली आणि बोटाने गोलाई दिली. त्यावर कापडाचे तीन तुकडे, प्रत्येक आधीच्यापेक्षा मोठा, फिनावरून बोर्डाच्या पोटावर उतरणारा. सगळा भार त्या गोलाईतूनच बोर्डात जातो. कास्टिंगमध्ये आतल्या कोपऱ्याला फिलेट, म्हणजे अशीच गोलाई, देतो, कारण चौकोनी कोपऱ्यात तडा जातो. इथेही तोच न्याय.

आज डावं. उद्या उजवं.

१६ मे

दोन्ही बसली, घासून झाली. दोरा पुन्हा लावला. सुकताना उजव्याचं टोक अर्ध्या मिलिमीटरने सरकलंय. ठेवलं तसंच.

गाडीच्या टपासाठी फिनांना धक्का लागू नये म्हणून जुन्या पॅटर्नच्या लाकडाची घोडी केली.

२१ मे, राजोडी

परवा अमावास्या झाली, त्यामुळे भरती-ओहोटीच्या वेळा ७ तारखेसारख्याच. लाटा किंचित मोठ्या, वारा नऊनंतर सुटला. तुलना करायला इतका सारखा दिवस मिळाला, हे नशीब.

मधलं सहा इंची खाचेच्या बरोबर मध्यावर ठेवून सुरुवात केली. पहिल्या लाटेवर काही विशेष वाटलं नाही आणि मी घाबरले. दुसऱ्या लाटेवर डावीकडे वळताना उजव्या पायाखाली काहीतरी भरीव लागलं. पाणी तिथे जणू घट्ट झालं होतं. मी दाबलं. मागच्या वेळी याच दाबाला शेपूट गेलं होतं. या वेळी बोर्डाने तो दाब घेतला आणि मला वेगासकट पुढे काढलं. वळण पूर्ण झालं तेव्हा मी अजून लाटेवरच होते. मोठ्याने ओरडले. धाकट्याला वाटलं, काही लागलं.

पुढच्या दोन तासांत मधलं एक इंच पुढे, एक इंच मागे करून पाहिलं. पुढे घेतलं की सगळं सैल, मजेशीर, पण उभ्या लाटेवर विश्वास वाटत नाही. मध्यापासून अर्धा इंच मागे, ही माझी जागा. खाचेच्या कडेला पेन्सिलीने खूण केली.

मग धाकटा गेला. पहिल्या काही लाटा त्याने शिव्या घालत काढल्या, बोर्ड म्हणे ऐकत नाही. त्यानंतर तो गप्प झाला, आणि तो लाटेवर गप्प झाला की मला कळतं. बाहेर आल्यावर आम्ही दोघं बोर्ड सावलीत नेऊन मेणाकडे वाकून बसलो. निघताना मेण नवं घासलं होतं, त्यामुळे ठसे स्वच्छ होते. माझा ३८ वरच. त्याचा ३३ वर. दोन आठवड्यांत त्याचा पाय चार सेंटिमीटर पुढे आला होता आणि त्याला ते माहीतही नव्हतं. मी जागा पायावरून ठरवली, आणि एका पायाने जागेवरून स्वतःला ठरवलं. तो म्हणाला, "पुढे उभं राहिलं की वळतो, म्हणून राहिलो." मी पट्टी परत लावून पाहिली. तेहतीसच.

परतताना विरारमध्ये मिस्त्रीकाकांसाठी सुकेळी घेतली.

२४ मे

बोर्ड गोड्या पाण्याने धुतला. डाव्या फिनाच्या बुंध्यापाशी केसाएवढी रेष दिसली आणि काळजाचा ठोका चुकला. नखाने तपासली, वरच्या रेझिनच्या थरातली आहे, कापडाला लागलेली नाही. घासून एक हात रेझिन दिलं. आता पाऊस तोंडावर आहे. जून-जुलैत कोळ्यांच्या होड्याही किनाऱ्याला ओढलेल्या असतात, तिथे आमचं काय काम. बोर्ड शेडच्या माळ्यावर, फिनं वर करून.

मापं रजिस्टरात चढवली. बोर्ड ७ फूट २ इंच. कडांची फिनं: मागचं टोक शेपटापासून ३१० मिलिमीटर, मध्यापासून १५५, टो-इन ४, कल ५ अंश. मधलं: खाचेच्या मध्यापासून अर्धा इंच मागे, ताईसाठी. धाकट्यासाठी एक इंच मागे, पण ते ऑक्टोबरमध्ये पुन्हा बघायचं, त्याचा पाय अजून सरकतोय.

मिस्त्रीकाकांनी फिनांचे फर्मे पंप केसिंगच्या फर्म्यांशेजारी खिळ्याला टांगले. कडांच्या फिनाचे आता एक नाही, दोन फर्मे आहेत. दुसरा त्यांनीच कधीतरी कापून ठेवला. एकावर खडूने "डा" लिहिलंय, दुसऱ्यावर "उ", आणि दोन्हींच्या फुगीर बाजूला बाण.